सबूर सर आणि रस्त्याखालचं पेव

जन्मभर रस्त्यांखालची जमीन तपासणारा हा माणूस स्वतः रस्त्याच्या मधून कधीच चालला नाही. डांबराची कड संपून माती सुरू होते त्या पट्टीवरून ते चालायचे, तेही पुढची जागा आधी टाचेनं ठोकून, कान देऊन. रस्ता ओलांडताना सगळेच डावीउजवीकडं बघतात. सर त्यानंतर खालीही बघायचे. धाराशिवच्या बसस्थानकासमोर त्यांच्याबरोबर चालायची मला इतकी लाज वाटायची की मी मुद्दाम मागं रेंगाळायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय आणि ते शोधतोय. एकदोघांनी तर थांबून "काय हरवलं काका?" असं विचारलंही होतं.

त्यांचं नाव कागदोपत्री चांगलं भारदस्त होतं, पण साइटवर त्यांना सगळे सबूर सर म्हणत. कुणी मशीन सुरू करायला गेलं की "सबूर", कुणी खुंटी उपटायला गेलं की "सबूर", आणि चहा आला तरी कपात फुंकर घालत आधी "सबूर". नाव ठेवणाऱ्यांनी चिडून ठेवलं होतं, हे सरांना ठाऊक होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. तुळजापूरकडच्या एका खेड्यातल्या मास्तरांच्या घरात वाढलेला हा माणूस. अहवाल लिहायचा तो अगदी छापील भाषेत. पण मनात भीती शिरली की बोलण्यातलं मराठी आपोआप गावाकडं वळायचं. त्यांच्या तोंडून "न्हाय" आणि "हाय" ऐकू आलं की आम्ही समजायचो, आज काहीतरी बिनसलंय.

मी मूळची मुरूमची. भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन सरांच्या हाताखाली लागले, तेव्हा हे काम काय असतं ते मला पुस्तकातूनच माहीत होतं. रस्त्याच्या कडेनं एका ओळीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना तारा जोडायच्या, बॅटरीवरून जमिनीत वीज सोडायची आणि ती किती अडते ते मोजायचं. कोरड्या पोकळीतून वीज जात नाही, ओल्या चिकणमातीतून झरझर जाते. त्याचं लॅपटॉपवर चित्र उमटतं. आमच्याकडं पोकळी लाल दिसायची आणि ओल निळी. दुसरी तपासणी हातोड्याची. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घण घालायचा आणि तो हादरा जमिनीतून किती वेगानं पुढं जातो ते ऐकणारी छोटी यंत्रं ओळीनं रोवायची. जमीन घट्ट असेल तर हादरा पळतो, भुसभुशीत असेल तर रेंगाळतो. रस्त्याखालची कच्ची जमीन सिमेंट भरून पक्की करतात, तेव्हा ती खरंच पक्की झाली की नाही हे असं वरूनच ओळखायचं, हे आमचं काम.

सर सगळ्यांसमोर, अगदी मोठ्या साहेबांसमोरही, "मला भीती वाटते" असं म्हणायचे. आपल्याकडं पुरुषमाणूस असं म्हणत नाही. बैठकीत सगळे पाय पसरून बसलेले असायचे, काम झालं म्हणून सांगत असायचे, आणि सर हात वर करून म्हणायचे, "मला या जागेची भीती वाटते." मग हशा व्हायचा. मीसुद्धा हसायची. घरी गेल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सरांची नक्कल करून दाखवायची. अण्णा एस.टी.चे ड्रायव्हर, नळदुर्गच्या हायवेवर ट्रकांच्या गर्दीतून गाडी काढण्यात त्यांची हयात गेलेली. ते मिशीत हसून म्हणायचे, "तुझ्या सरांस्नी एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसीव. भीती जाती का बघू."

मग ते गाव आलं. कर्नाटकाच्या हद्दीकडचं, उमरगा तालुक्यातलं. नाव मुद्दामच लिहीत नाही. गावातून जाणारा रस्ता रुंद केलेला होता आणि एका सकाळी उसानं भरलेल्या ट्रॉलीचं मागचं चाक डांबरासकट खाली गेलं. ट्रॉली काढल्यावर खाली काळं भोक दिसलं. ते पेव होतं. ज्यांनी पेव पाहिलंय त्यांना सांगायला नको: जमिनीच्या पोटात ज्वारी ठेवायचं कोठार, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत खोलीसारखं ऐसपैस. ज्वारी भरली की तोंड लिंपून वर माती ओढायची. पेवात धान्य ठेवणं बंद होऊन जमाना झाला, तोंडं बुजली, अंगणं रस्त्यात गेली, आणि खालची पोकळी तशीच राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा भोकाभोवती जत्रा भरली होती. एक तरणा गडी कमरेला दोर बांधून, हातात मोबाइल घेऊन आत उतरायच्या तयारीत होता. त्याला व्हिडिओ काढायचा होता. सर जीपमधून उतरता उतरताच ओरडले, "ए! मागं सर! मागं सर म्हणतोय न्हवं!" इतक्या मोठ्यानं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी कुणाच्या तरी घरून कंदील मागवला, पेटवून बादलीत ठेवला आणि दोरीनं आत सोडला. भर उन्हात आम्ही सगळे लांबून बघत होतो. ज्योत बारीक झाली आणि विझली; आत श्वास घ्यायलाही हवा नव्हती. गड्यानं कमरेचा दोर सोडला आणि घरी निघून गेला.

गावात पेवं आणखी किती आणि कुठं आहेत ते सर घरोघर विचारत फिरले. प्रत्येक घरी चहा मिळाला, पेव मिळालं नाही. "आमच्यात न्हवतं," "आमचं लांब रानात हुतं," अशी उत्तरं. त्या भागात पेवाची जागा परक्याला सांगत नसत. नवाबीच्या काळात वसुलीवाले धान्य उचलून नेतील म्हणून दाणा लपवायचा तो पेवात, आणि जागा बाप मुलाला सांगे, तीही आण घालून. धान्य गेलं, भीती गेली, तरी ती सवय घराघरात तशीच उरली होती. रस्त्याला लागून घर असलेले हणमंतअप्पा तर सरांच्या तोंडावरच म्हणाले, "पेव सांगायचं नसतंय, साहेब." त्यांचं वय झालेलं, हातात काठी, दिवसभर ओट्यावर बसून. सर त्यांच्यापुढं हात जोडून परत आले.

उघडं पडलेलं पेव सिमेंटच्या पातळ पाण्यानं भरायला घेतलं. साइटवर त्याला ग्राउट म्हणतात. रस्ता दोन्ही बाजूंनी पत्रे लावून बंद केला. भरण्याआधी आमच्या चित्रात तिथं लालभडक डाग होता. भरल्यावर तो निळा झाला. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं पेढे आणले. मलाही वाटलं, जिंकलो. सरांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. म्हणाले, "सिमेंट ओलं असलं तरी निळं दिसतंय, माय, आणि नुसतं पाणी असलं तरी निळंच दिसतंय. सिमेंट असलं तर वाळताना रंग बदलंल. पाणी असलं तर हाय तसंच राहील. सबूर." सुपरवायझर म्हणाला, "सर, गाव शिव्या घालतंय. म्हाताऱ्याकोताऱ्यांना रानातून चालत जावं लागतंय." ते खरं होतं. सर मान खाली घालून ऐकत राहिले आणि रस्ता बंदच ठेवला.

रस्ता बंद म्हणून उमरग्याहून येणारी एस.टी. पत्र्यांच्या अलीकडं, अप्पांच्या ओट्यासमोर थांबायची, तिथंच वळायची आणि माणसं भरून परत जायची. ती ड्यूटी अण्णांनी मागून घेतली होती. लेकीची रोज भेट होते म्हणून. गाडी वळवून ते उभी करायचे, इंजिन चालूच ठेवायचे, आणि मी हॉटेलातून त्यांना चहा नेऊन द्यायची. खिडकीतून बशी परत देताना ते विचारायचे, "काय म्हणतात सबूर सर? आज काय भ्याव?" त्या वळणाच्या जागेवर आमच्या खुंट्या पोचल्या नव्हत्या. तिथं सदा वर्दळ, शिवाय सगळं गाव सांगत होतं की तिकडं काही नाही.

आठवड्यानं आम्ही पुन्हा वीज सोडली. चित्र निळंच. घण घालून पाहिलं. हादरा रेंगाळत, जड पायानं येत होता. ट्रॉली आदळली तेव्हा गावच्या नळाची पाइपलाइन तडकून गळू लागली होती आणि पेवात तिचं पाणी भरलं होतं. मग एवढं ओतलेलं सिमेंट गेलं कुठं? सरांनी लॅपटॉप मिटला. "बाजूला कुठंतरी अजून एक पोकळी हाय," ते म्हणाले, "सिमेंट तिकडं वाहून गेलंय. मला लई भीती वाटतीय, माय." या खेपेला मला हसू आलं नाही. मी उभी होते ती जागा सोडून कडेच्या मातीवर गेले. कशी गेले ते मलाच कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी सर मला घेऊन अप्पांच्या ओट्यावर जाऊन बसले. पेवाचं नावही काढलं नाही. स्वतःच्या घरची गोष्ट सांगू लागले. "माझ्या लहानपणी आमच्यात पाव्हणं आलं हुतं, अप्पा. जवारी संपली. चुलता म्हणला, काढतो पेवातनं. तोंड उघडून वारं जाऊ द्यायचं असतंय, ते न्हाय केलं. पाव्हणं उपाशी हायती म्हणून घाई. उतरला आणि हाक दिल्यावर ओ न्हाय. त्याला काढाया आमचा सालगडी उतरला. त्याचीबी ओ न्हाय. मग माझा बाप निघाला, तर आईनं त्याच्या धोतराला मिठी मारली, सोडलंच न्हाय. लोक म्हणाले, भित्री बाई. तिच्या भीतीनं माझा बाप राहिला." सर थांबले. "मी तसाच भित्रा हाय. तिच्यावर गेलोय."

तेवढ्यात गाडी आली. अण्णांनी नेहमीसारखी ती मागं घेऊन वळवली, ओट्यासमोर उभी केली आणि मला हात केला. माणसं चढू लागली. अप्पा गाडीच्या मागच्या चाकांकडं बघत होते. त्यांनी काठी वर उचलली.

"त्या गाडीखाली हाय," ते म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"आमचं पेव."

मी उठले ते ओरडायलाच. सरांनी माझं मनगट असं धरलं की पुढं कितीतरी दिवस वळ होता. "ओरडू नकोस," ते हळू म्हणाले. "तू ओरडलीस तर सगळी एकदम उड्या मारतील. गाडी हादरंल. हितंच थांब." चपला काढून ते ओट्यावरून उतरले आणि मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं तिथं, रस्त्याच्या ऐन मधोमध, अनवाणी चालत गेले. टाच ठोकली नाही, खाली बघितलं नाही. आधी अण्णांना खुणेनं इंजिन बंद करायला लावलं. मग दाराशी उभे राहून एकेकाला उतरवू लागले. "एकेक, सावकाश. काय न्हाय, गाडी जरा बघायची हाय." लोक कुरकुरत होते. एका बाईनं जागा जाईल म्हणून पिशवी सीटवरच ठेवली आणि उतरली. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी होते आणि फक्त अण्णांची टोपी बघत होते. इतकी घाबरलेली मी त्याआधी कधी नव्हते, त्यानंतरही नाही.

कंडक्टर उतरला. अण्णा उतरेनात. सर गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेले. अण्णांचं बोलणं मला ऐकू येत होतं. "माणसं उतरली न्हवं? मग आता मी चटकन पुढं काढतो. गाडी टाकून उतरणारा ड्रायव्हर मी न्हाय."

सर म्हणाले, "अण्णा, तुम्ही धाडसाचे, मी भित्रा. माझे पाय हितं गळून गेलेत बघा. तुम्ही गाडी काढली तर मी भीतीनंच मरंन. तुमच्यासाठी नको. माझ्यासाठी उतरा." आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

अण्णा त्या हातांकडं बघत राहिले. मग दार उघडलं. "डावा पाय आधी," सर सांगत होते. "आता उजवा. गडबड न्हाय. मी धरलंय." माझा बाप, जो कुणाचा हात धरून कधी पायरी उतरला नव्हता, लहान लेकरासारखा उतरला. दोघं हातात हात धरून कडेपर्यंत आले आणि मग मात्र सर खाली बसले. त्यांना उठता येईना.

गाडी पुढून लांब दोर लावून ट्रॅक्टरनं ओढून काढली. तिथं भोक पाडायला हातानं फिरवायचा बरमा लावला, फिरवणारे फळ्या टाकून त्यावर उभे. बरमा हातभर गेला असेल नसेल, एकदम त्यांच्या हातातून सुटल्यासारखा खाली गेला आणि कुठंतरी फार खाली खट्ट वाजला. तळाशी आमचं हरवलेलं सिमेंट घट्ट बसलं होतं. त्याच्या वर सगळी पोकळी, आणि पोकळीवर तेवढंच हातभर झाकण, ज्यावर माझे वडील रोज चहा पीत होते. तो खट्ट आवाज ऐकून अण्णा एका दगडावर बसले. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवला.

अप्पा ओट्यावर रडत होते. "बापानं आण घातली हुती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. गावातली चार माणसं त्यांच्या अंगावर धावून गेली, तेव्हा सर अप्पांच्या शेजारी जाऊन बसले. "त्यांनी सांगितलं," ते लोकांना म्हणाले. "येळेवर सांगितलं. आता कुणी काय बोलायचं न्हाय." त्या दिवसानंतर मात्र गावातल्या घराघरांतून पेवं निघाली. कुणी काठीनं दाखवली, कुणी अंगणात चुन्याची फक्की टाकली.

सगळी पेवं भरली. पाइपलाइन बदलली. सरांनी चित्र निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं होईपर्यंत आणि घणाचा हादरा पळत येईपर्यंत रस्ता उघडू दिला नाही, आणि कुणी मागितलाही नाही. रस्ता सुरू झाला त्या दिवशी सर कडेच्या मातीवरून टाच ठोकत निघाले. मी म्हटलं, "सर, आता तरी मधून चला. आपणच पास केलाय." ते म्हणाले, "रस्ता पास केलाय मी. भीती न्हाय केली." आता मी स्वतः बैठकांना जाते. पाय पसरून बसलेल्या माणसांसमोर हात वर करून "मला भीती वाटते" असं म्हणते. हशा होतो. होऊ दे.

सर आजारी पडून तुळजापूरला घरी असल्याचं कळलं, तेव्हा अण्णा रिटायर झाले होते. मी निघाले तर म्हणाले, "मी बी येतो." दुपारची वेळ होती. सर खाटेवर होते, फार वाळलेले. हात चादरीवर थरथरत होते. त्यांना मी बऱ्याच साइटच्या गोष्टी सांगितल्या. ते ऐकत होते, पण लक्ष नव्हतं. मधेच म्हणाले, "लई भीती वाटतीय, माय. खाली काय हाय ते दिसंना झालंय."

एवढी वर्षं त्यांच्याकडून शिकले, पण याला माझ्याकडं यंत्र नव्हतं. मी खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले.

अण्णा खुर्चीवरून उठले. खाटेच्या कडेला बसले आणि सरांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. "सर," ते म्हणाले, "गडबड न्हाय. मी धरलंय."

सरांनी त्यांच्याकडं बघितलं. ओळखलं. हातांची थरथर हळूहळू कमी झाली. बाहेर अंधार पडला. आम्हाला घरी नेणाऱ्या उमरग्याच्या शेवटच्या गाडीची वेळ होत आली होती, आणि जन्मात कधी गाडीला उशीर न केलेले अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. गाडी निघून गेली. अण्णांनी हात सोडले नाहीत.